सुळा

"माझा पहिला डोंगर काकांनीच बांधला होता," ठकू म्हणाली, आणि तिच्या बापाच्या हातातला घास हातातच राहिला. थोरल्या साडूंच्या घरी सगळे जेवायला बसले होते. ठकूनं ज्याच्याशी लग्न ठरवलं होतं तो मुलगा पहिल्यांदाच मावशीकडे आला होता, आणि ठकू त्याला आपल्या लहानपणच्या गोष्टी एकामागून एक ऐकवत होती. पाय कसा मोडला, मांडीपर्यंत प्लास्टर कसं घातलं, शाळा बंद, खेळ बंद, खिडकीतून बाहेरची पोरं बघायची आणि रडायचं. "मग काकांनी माझ्या पलंगाला लागून हा एवढा डोंगर केला! आणि एक छोटी जीप, वायरच्या रिमोटची. दिवसभर चढवायची आणि पाडायची, चढवायची आणि पाडायची. वेड लागलं होतं मला." मुलगा कौतुकानं मान हलवत होता. आता यात चूक म्हणाल तर एवढीशीच होती. जीप काकांनी आणली होती, ते खरं. दुकानातून खोक्यासकट आणली, पोरीचा गालगुच्चा घेतला आणि चहा पिऊन गेले. डोंगर त्यानं बांधला होता. बापानं. हातातलं काम बाजूला सारून, पलंगाशेजारी गुडघे टेकून, ह्या दोन हातांनी. त्यानं थोरल्यांकडे पाहिलं. आता म्हणतील, अगं वेडे, डोंगर तुझ्या बाबाचा, जीप तेवढी माझी. एका वाक्याचं काम होतं. थोरल्यांनी ग्लास खाली ठेवला, डोकं मागे टाकलं, सगळे दात दाखवत खदखदून हसले आणि म्हणाले, "हो मग! आम्ही काय कमी उद्योग केलेत का?" सगळे हसले. तोही हसला. आपणही हसलो, हेच त्याला नंतर जास्त लागलं.

परतताना बसमध्ये तो खिडकीकडे तोंड करून बसला. "काय झालं?" बायकोनं विचारलं. काही नाही, तो म्हणाला. "मग तोंड का असं?" "असंच आहे ते पहिल्यापासून." तिला सगळं कळलं होतं. तिला नेहमीच कळायचं आणि म्हणून तिच्याशी भांडायची सोय नव्हती. "लहान होती हो ती," ती म्हणाली. "निम्मा वेळ गोळ्यांच्या गुंगीत असायची. गोंधळ झाला असेल." "ती चुकली त्याचं काही नाही. त्यांनी तिला चुकू दिलं." "मग तिथल्या तिथे का नाही बोललात?" बोलायचं म्हणजे काय, कपाळ! होणाऱ्या जावयासमोर 'डोंगर माझा, डोंगर माझा' म्हणून पोरासारखं भांडायचं? थोरल्यांची बायको, ताई, वाढत होती, मुलगा लाजत लाजत जेवत होता, आणि आपण मधेच ताट सरकवून उठायचं? अपमान मोठा असता तर उठता आलं असतं. हा इतका बारीक होता की बोलून दाखवला असता तर आपणच हलके ठरलो असतो. थोरल्यांचं नेहमी हे असंच. चोरी करतील ती अशी, की ओरडणाराच वेडा दिसावा. आपण रचलेला विनोद चार दिवसांनी आपल्यालाच ऐकवतील, आणि वर विचारतील, कळला का? आणि आपण हो म्हणायचं.

डोंगर त्याला अजून जसाच्या तसा दिसत होता. तो कवळ्या बनवतो. दातांचे डॉक्टर रोग्यांच्या तोंडाचे साचे पाठवतात, तो त्यात प्लास्टर ओततो, जबडे काढतो, त्या जबड्यांवर दात बसवतो. अख्खं आयुष्य लोकांच्या हिरड्यांवरून बोटं फिरवण्यात गेलं. बिघडलेले, बुडबुडे राहिलेले, कोपरे उडालेले जबडे कामाच्या खोलीत पोत्यात पडून असत, आणि ठकूचा पाय मोडला तेव्हा तो ते पोतं उचलून तिच्या पलंगाशी घेऊन आला होता. उशा, वह्या, खोकी यांचा ढीग, वर प्लास्टरमध्ये बुडवलेली जुनी चादर, आणि चादरीतून जागोजागी वर आलेले ते जबडे, दात वर करून. पोरीनं विचारलं, बाबा, हे कुणाचे दात? तो म्हणाला, डोंगराचे. आणि ती हसली. पडल्यापासून पहिल्यांदा हसली, पोट धरून हसली, पायाला हिसका बसून "आई गं" म्हणाली आणि पुन्हा हसली. जीप दोन दातांच्या मधे अडकायची, ठकू बटण दाबून दाबून रडकुंडीला यायची, आणि तो पलंगाच्या पायथ्याशी बसून सांगायचा, अडलं की आधी मागे. मागे घे, मग बाजूला, मग पुढे. पुढे पुढे करून काही होत नाही. आता बसच्या काचेला कपाळ टेकून तो हे सगळं पुन्हा पुन्हा उलगडून बघत होता, आणि बघता बघता त्याच्या मनात पाल चुकचुकली. झालं होतं ना हे? फोटो काढलेला नव्हता. भिंतीला प्लास्टरचा एक पांढरा ओघळ लागला होता, तो पुढे रंगाखाली गेला. जीप कधीच मोडली. पुरावा होता तो फक्त पोरीच्या डोक्यात, आणि तिथे आता थोरले पाय पसरून बसले होते. त्याला इतका राग आला की काचेवर वाफ धरली.

मंडळाची पुढची बैठक त्याच्याकडे होती, हा एक योगायोग. मंडळ म्हणजे काय, चार रिकामटेकडे मोठे लोक. खडकावरून मुंगीच्या गतीनं चढणाऱ्या रिमोटच्या गाड्यांचा सगळ्यांना नाद. सुट्टीच्या दिवशी जुन्या खाणीत जायचं, दगडांवर गाड्या चढवायच्या, पडल्या की हळहळायचं. बाहेर हवा बिघडली की पाळीपाळीनं कुणाच्या तरी घरी जमायचं. तेव्हा गाड्या तळहाताएवढ्या, आणि डोंगर घरच्या यजमानानं बांधायचा. बांधणाऱ्यानं काय वाटेल ते बांधावं, अट एकच: आधी स्वतःची गाडी सगळ्यांसमोर चढवून दाखवायची. ज्याला आपला डोंगर चढता येत नाही त्याला दुसऱ्याला पाडायचा हक्क नाही. शिवाय गाडीला हात लावला की बाद, आणि वाटेच्या कडेला रोवलेल्या काड्यांना धक्का लागला की गुण कमी. मंडळात एक बसचा ड्रायव्हर होता, एक चष्मेवाला होता, आणि थोरले होते. थोरल्यांना ह्या नादाला त्यानंच लावलं होतं. पहिल्या दिवशी थोरले म्हणाले, हे काय पोरखेळ, आणि पुढच्या खेपेला त्याच्यापेक्षा भारी गाडी घेऊन हजर. आता मंडळात कुणी नवा माणूस आला तर थोरले त्याच्या खांद्यावर हात टाकून सांगत, आम्ही हे सुरू केलं तेव्हा लोक हसायचे हो. आम्ही! तो शेजारी उभा राहून बॅटरीच्या वायरी गुंडाळत असे.

थोरल्यांची गाडी कुठे कमी पडते हे बघण्यात त्यानं पूर्वी कधी वेळ घालवला नव्हता. आता त्याला दुसरं काही सुचेना. गाडी उत्तम होती. चाकांत पितळी वजनं, टायर लोण्यासारखे मऊ, उतारावर पाल चिकटावी तशी चिकटायची. कमी होती ती मालकात. थोरले गाडी मागे घेत नसत. हे त्याला एकदम, कवळीचे दात घासता घासता सुचलं आणि तो हातातलं काम धरून तसाच बसून राहिला. खरंच की! खाणीत गाडी अडली की थोरले अंगठा पुढे दाबून धरत, मोटार कुंईकुंई करी, टायर दगड खरवडत, आणि बहुतेक वेळा त्या भारी गाडीच्या जोरावर ते निघूनही जात. नाही निघाले तर दगडाला नावं ठेवत. रस्त्यावरही तेच. अरुंद गल्लीत समोरून कुणी आलं तर थोरले इंजिन बंद करून पेपर वाचत बसत, समोरचा मागे जाईपर्यंत. बोलण्यातही तेच. ह्या माणसानं उभ्या जन्मात कधी 'माझं चुकलं' म्हटल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. ताईनं तर नाहीच. म्हणजे सगळ्यांना चढता येईल पण थोरल्यांना येणार नाही असा डोंगर बांधता येत होता. फक्त एक जागा अशी हवी, की जिथे आधी मागे आल्याशिवाय सुटकाच नाही. इतकं साधं होतं. त्याला गुदगुल्या झाल्यासारखं झालं. त्या दिवशी जेवताना बायको म्हणाली, "बरं दिसताय आज."

दिवाणखाना रिकामा झाला. कोच भिंतीला उभा, टीपॉय पलंगाखाली, गालिचा गुंडाळून बाथरूमच्या दाराशी. जुन्या कपाटाच्या फळ्या खोक्यांवर टाकून त्यानं कमरेएवढं व्यासपीठ केलं, म्हणजे वाकायला नको. त्यावर थर्माकोलचे तुकडे, तापलेल्या तारेनं कापलेले. तार त्यातून जाताना जो जळका गोडसर वास येई तो कपड्यांना चिकटला. वर्तमानपत्रांचे बोळे, त्यावर ओल्या चादरीच्या पट्ट्या, त्यावर प्लास्टर. प्लास्टर कालवावं तर त्यानंच. पाण्यात पूड सोडायची, पुडीत पाणी नाही. मग वाडगं टेबलावर आपटून बुडबुडे वर काढायचे, आणि मग वेळ घालवायचा नाही. दूध आटतं तसं ते हातात आटत जातं, आणि धरायच्या आधी गरम होतं. हे त्याला जन्मभर आवडत आलं होतं, ही ऊब. पांढरं, थंड, मेल्यासारखं दिसणारं काहीतरी आतून तापत जातं आणि तापून घट्ट होतं. कड्यावर तळवा ठेवून तो उभा राही, आणि त्या उबेत त्याला टेबल दिसे, ताट दिसे, मागे टाकलेलं ते डोकं दिसे. हो मग! आम्ही काय कमी उद्योग केलेत का? ते हसू तर त्याला पाठ होतं. का नसणार, ते हसू त्यानंच घडवलेलं होतं.

ही गोष्ट फक्त दोघांना ठाऊक होती. थोरल्यांना आणि त्याला. एकदा भर दुपारी थोरले कामाच्या खोलीच्या मागच्या दारानं आत आले होते, तोंडावर रुमाल धरून. दार त्यांनीच लावलं. रुमाल काढला तेव्हा त्याला क्षणभर ओळखच पटली नाही. गाल आत गेलेले, ओठ सैल, बोलताना हवा निसटत होती. वरचे सगळे दात काढून टाकावे लागले होते, एक सुळा सोडून. तो पुढे झुकलेला एकुलता एक सुळा थोरल्यांनी डॉक्टरला काढू दिला नव्हता. "हा राहू द्या," ते म्हणाले होते, "आपलं म्हणायला एखादा तरी." आणि मग त्याचा हात धरून, "साडूबुवा, कुणाला कळता कामा नये. तुमच्या बायकोलासुद्धा नाही." त्या दिवशी थोरले घाबरलेले म्हातारे दिसले होते. त्यानं ती कवळी अशी काही मन लावून केली की खऱ्या दातांनी लाजावं; थोडा वाकडेपणा ठेवला, थोडा पिवळेपणा ठेवला, त्या झुकलेल्या सुळ्याशी मेळ बसवला. आणि बायकोलासुद्धा सांगितलं नाही. कवळी तुटली तर पुन्हा करायला लागतो म्हणून त्यांच्या तोंडाचा प्लास्टरचा जबडा कपाटात ठेवून दिला होता. आता त्यानं तो काढला. तळहातावर घेतला. बोडकी हिरडी, आणि तिच्यावर एकटा उभा, पुढे झुकलेला सुळा. एका छोट्या गाडीच्या दोन चाकांमधल्या आसात अडकायला बरोब्बर तेवढाच. याचे दात याच्याच घशात घालतो की नाही बघा, तो स्वतःशी मोठ्यानं म्हणाला आणि मग दाराकडे पाहिलं, बायकोनं ऐकलं की काय म्हणून.

मधे एकदा तो निमित्त काढून थोरल्यांकडे गेला होता. त्यांची छोटी गाडी बॅटरी बदलायला उलटी पडली होती, तेव्हा त्यानं तिच्या पोटाची उंची चिमटीत मोजून ठेवली होती. हसत हसत मोजली होती, काय सुंदर गाडी आहे हो तुमची, असं म्हणत. माणूस एवढा खालच्या थराला जातो? जातो. त्याला स्वतःचं नवल वाटलं नाही. डोंगराच्या माथ्याखाली त्यानं एक अरुंद घळ काढली, दोन्ही बाजूंनी पोत्यातले परके जबडे रचले, आणि घळीच्या तोंडाशी तो जबडा बसवला, दगडाच्या रंगात रंगवून, वाळू भुरभुरून. सरळ गेलं तर पुढची चाकं हिरडीवर चढत, पोट टाळूवरून घसरे आणि सुळा पुढच्या आसामागे आकडा टाकल्यासारखा बसे. मग जितका जोर लावावा तितकं घट्ट. थोडं मागे आलं, चाक उजवीकडे वळवलं, तर तोच सुळा पायरी होई आणि गाडी सहज वर. आपली गाडी घेऊन त्यानं पुन्हा पुन्हा करून पाहिलं. मग थोरल्यांसारखं करून पाहिलं. अंगठा पुढे, डोकं मागे. गाडी अडकली. व्वा! त्यानं सुळ्याचा कोन कानसीनं केसभर बदलला, आणि गाडी आणखी छान अडकली. बायको दारात येऊन उभी राहिली. पदर खोचलेला, हातात फडकं. "घराचा उकिरडा झालाय. कुणासाठी चाललंय हे एवढं?" "मंडळींसाठी." "मंडळी काय, कोचावर बसून पापड खाऊन जातात," ती म्हणाली. तिनं डोंगराकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "तुम्ही जेवत का नाही आहात नीट?" जेवतोय की, तो म्हणाला. खरं तर त्याला भूकच नव्हती. आणि कित्येक वर्षांत इतकं हुशार, इतकं ताजं वाटलं नव्हतं. सकाळी डोळे उघडले की पहिली आठवण त्या घळीची येई, आणि तो उठून बसे.

एकच गोष्ट राहिली होती: ठकू तिथे असायला हवी होती. काका अडकलेले तिनं बघायला हवे होते. आणि त्या दातांकडेही बघायला हवं होतं. त्यानं फोन केला. "बाबा, मला त्या दिवशी जरा काम आहे रे." "असू दे, असू दे. मी आपलं सहज. तुझे काका येणार आहेत, तेही विचारत होते." हे खोटं होतं. "काका येणार आहेत? मग येते!" ती म्हणाली. फोन ठेवल्यावर तो कामाच्या खोलीत गेला आणि उगाचच एक चांगला जबडा जमिनीवर आपटून फोडला.

बैठकीच्या दिवशी दुपारी सगळे आले. बसवाला ड्रायव्हर दारातच म्हणाला, "अरे बाप रे, हा तर घाट आहे!" चष्मेवाल्यानं चष्मा कपाळावर चढवून डोंगर जवळून पाहिला आणि नुसता "अहाहा" केला. थोरले शेवटी आले, ताईबरोबर, गाडीची पेटी बगलेत मारून. "काय हो साडूबुवा, घर विकायला काढलंय की काय? आं?" आणि हसले. सगळ्या दातांनी. ठकू त्यांच्या दंडाला धरूनच आत आली. रिवाजाप्रमाणे त्यानं आधी आपली गाडी चढवली. झुलता पूल, कातळ, उभा उतार, सगळं सावकाश. घळीच्या तोंडाशी थांबला, किंचित मागे आला, चाक वळवलं, वर. टाळ्या पडल्या. मग बसवाल्याची पाळी. घळीत अडला, पण डेपोत रोज बस मागे लावणारा माणूस तो. सवयीनं मागे आला आणि निघाला. चष्मेवाला स्वभावानंच एक पाऊल पुढे आणि दोन मागे. त्याला तर घळ कळलीसुद्धा नाही. म्हणजे तक्रारीला जागा नव्हती. थोरल्यांनी गाडी पायथ्याशी ठेवली, बाह्या सारल्या. "बघ हं ठकू, डोंगर कसा चढतात," ते म्हणाले, आणि ठकू त्यांच्याशेजारी गुडघ्यांवर बसून हनुवटी फळीवर टेकून बघू लागली. लहानपणी पलंगावरून बघायची तशीच.

पूल गेला, कातळ गेला, उतार गेला. गाडी घळीत शिरली, हिरडीवर चढली आणि थांबली. थोरल्यांनी अंगठा दाबला. मोटार कुंईकुंई करू लागली, मागची चाकं वाळू उडवू लागली. आणखी दाबला. गाडी थरथरली आणि आणखी खाली बसली. "चला चला, सेनापती!" बसवाला ओरडला. चष्मेवाला तोंडावर हात ठेवून हसला. "दगड चुकीचा बसवलाय," थोरले म्हणाले. "आम्ही चढलो की हो त्याच दगडावर," बसवाला म्हणाला, आणि पुन्हा हशा झाला. तो स्वतः भिंतीशी, उभ्या केलेल्या कोचाला टेकून उभा होता. त्याला आनंद झाला. खोटं कशाला बोला, पायाच्या अंगठ्यापासून केसांपर्यंत आनंद झाला. थोरल्यांच्या मानेवर घाम आला होता. ते गुडघ्यांवर आले, मान वाकडी करून गाडीच्या पोटाखाली कशाला काय अडलंय ते बघू लागले. बघता बघता थांबले. अंगठा बटणावरून सैल झाला, मोटार गप्प झाली. त्यांच्या गालाच्या आत जीभ हलली, वर, टाळूकडे, जिथे कवळी असते तिथे गेली आणि परत आली. मग त्यांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. कामाच्या खोलीत रुमाल काढून पाहिलं होतं, तसंच पाहिलं. त्यांचं तोंड मिटलं. ओठावर ओठ गच्च दाबून बसलं. खोलीतल्या दुसऱ्या कुणाला काहीच कळलं नाही. त्यानं नजर वळवली नाही. वळवणार होता, पण नाही वळवली.

"अय्या," ठकू म्हणाली. ती फळीला नाक लावून घळीच्या कडेकडे बघत होती. तिनं एका रंगवलेल्या जबड्यावरून बोट फिरवलं. "बाबा, हे दात आहेत." तिचं बोट दातांवर थांबलं. "डोंगराचे दात!" ती ताडकन उठली. "अरे, तो डोंगर तू केला होतास! पलंगाजवळचा! मी विचारलं कुणाचे दात, आणि तू म्हणालास... आई गं, माझा पाय केवढा दुखला होता हसून. तूच तर होतास. मी त्या दिवशी काकांचं नाव कसं घेतलं?" तिचे डोळे भरून आले होते, हसतही होती. हेच तर हवं होतं त्याला. ह्यासाठी तर सगळा खटाटोप. ते मिळालं, सगळ्यांसमोर मिळालं, आणि तो वाट बघत राहिला की आता छातीतला तो गरम गोळा विरघळेल. तेवढ्यात ती पुन्हा खाली बसली आणि थोरल्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "काका, मागे घ्या. अडलं की आधी मागे, मग बाजूला, मग पुढे. बाबाचा नियम आहे हा. घ्या ना मागे." उभ्या जन्मात मागे न गेलेल्या त्या माणसानं तिच्याकडे पाहिलं, आणि मुकाट्यानं गाडी मागे घेतली. चाक वळलं. सुळ्यावर पाय देऊन गाडी वर आली. टाळ्या, आरडाओरडा, बसवाल्यानं शिट्टी मारली. थोरले उठले, गुडघे झटकले आणि ओठ फारसे न उघडता म्हणाले, "पहिला डोंगर ह्यांचाच. मी नुसती जीप आणून दिली होती. त्या दिवशी उगीच मिरवलो, चुकलं माझं." बोलताना त्यांनी तळहात तोंडापुढे धरला होता. ताई चकित होऊन नवऱ्याकडे बघत राहिली.

मग चहासाठी सगळे आत गेले. तो गेला नाही. वायरी आवरतो म्हणाला. दिवाणखान्यात डोंगर आणि तो, दोघेच. सगळं मिळालं होतं. पोर परत मिळाली, डोंगर परत मिळाला, थोरल्यांच्या तोंडून ऐकायला मिळालं जे ताईलाही आजवर मिळालं नव्हतं. मागितल्यावर शेजाऱ्यानं छत्री परत द्यावी तसं त्यांनी ते देऊन टाकलं. आता उद्या सकाळी डोळे उघडून तो कशासाठी उठून बसणार होता? 'जबडा कुणाचा ते कुणाला कळलं नाही,' तो मनात म्हणाला. 'मी कुठे कुणाला सांगितलं?' आणि हे म्हणताना त्याला कळलं की त्याचे कान स्वयंपाकघराकडे लागले आहेत. कप वाजत होते. बायको आणि ताई साखरेवरून काहीतरी बोलत होत्या. बसवाला कुठल्या तरी वळणाची गोष्ट सांगत होता, मोठ्यानं, गमतीची. चष्मेवाला हसला, ठकू हसली. त्यानं थांबून ऐकलं, थोरल्यांचं हसू येतंय का म्हणून. त्यानं आपली गाडी उचलली, पायथ्याशी ठेवली आणि निघाला. पूल, कातळ, उतार. घळीच्या तोंडाशी थांबायचं तिथे थांबला नाही. गाडी हिरडीवर चढली, पोट टाळूवरून घसरलं, सुळा आसामागे बसला. त्यानं अंगठा दाबला. मोटार कुंईकुंई करू लागली. आणखी दाबला.

"बाबा, चहा," ठकू दारात येऊन उभी राहिली, हातात कप. तिनं डोंगराकडे पाहिलं आणि हसली. "अडली ना? मागे घे."

त्यानं नुसतं ऐकलं. अंगठा पुढेच दाबून धरला. टायर प्लास्टर खरवडत होते, पांढरी पूड उडत होती, मोटारीचा जळका वास येऊ लागला होता. सुळा जागचा हलत नव्हता. त्यानंच तो घट्ट बसवला होता.

"बाबा, मागे घे ना," ती म्हणाली, आता न हसता. आत बसवाल्याची गोष्ट संपली आणि हशा झाला. तो कान देऊन ऐकत होता. थोरले हसले नाहीत.